गळवातली द्राक्षं आणि माझे चोवीस तास

गेल्या महिन्यात सल्लागार समितीसमोर माझं सहामाही प्रेझेंटेशन झालं. विषय तोच, ज्यावर मी तीन वर्षं घासतेय: त्वचेत स्टॅफिलोकॉकस ऑरियस शिरल्यावर येणारी सूज. उंदराच्या त्वचेत ठरावीक संख्येने जिवाणू टोचायचे, चोवीस तासांनी तो तुकडा काढायचा, त्यात न्यूट्रोफिल किती आले, जिवाणू किती उरले ते मोजायचं. आलेख बरे होते, एरर बारसुद्धा फार लाजिरवाणे नव्हते. पण समितीतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी पहिल्याच आलेखावर बोट ठेवलं. "हे सगळं चोवीस तासांनंतरचं आहे. चोवीसच का?"

मी म्हटलं, "मॅडम, लिटरेचरमध्ये तसंच करतात."

"कुणाच्या लिटरेचरमध्ये? मागे किती गेलीस तू?"

खरं सांगायचं तर मी दहा-बारा वर्षांच्या मागे गेलेच नव्हते. आपण सगळेच असं करतो. रिव्ह्यू पेपर वाचायचा, त्याच्या प्रस्तावनेतल्या दोन ओळी उचलायच्या, "ऑगस्टन यांनी १८८० मध्ये शोध लावला" असं लिहून मोकळं व्हायचं. माझ्या सिनॉप्सिसमध्ये ऑगस्टनला एक वाक्य होतं, आणि त्याचा मूळ पेपर मी उघडलासुद्धा नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी हॉस्टेलवर आल्यावर राग राग करत जुने पेपर उतरवायला लागले. पुढे जे सापडलं ते माझ्या प्रयोगाला महागात पडलं, म्हणूनच इथे लिहितेय. जे पेट देऊन नुकते रजिस्ट्रेशनच्या तयारीत आहेत, त्यांच्या कामी येईल कदाचित.

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करू. मराठीत त्वचेवरच्या पुवाळ संसर्गाला केवढे शब्द आहेत बघा. पुळी, फोड, गळू, केसतूड, काळपुळी, नखुरडं, रांजणवाडी, धावरे. यातला प्रत्येक शब्द वेगळी जागा आणि वेगळं रूप सांगतो. नखुरडं नखाच्या कडेला, रांजणवाडी पापणीला. केसतूड केसाच्या मुळाशी. काळपुळी म्हणजे शेजारशेजारची केसतुडं आतून एकमेकांना मिळून झालेला मोठा, अनेक तोंडांचा प्रकार. ती मानेवर किंवा पाठीवर होते आणि मधुमेह्यांना जास्त गाठते. माझ्या आजोबांना झाली होती. आजी अळशीचं गरम पोटीस बांधायची आणि म्हणायची, "पिकू दे, मग बघू." हा 'पिकणं' शब्द नुसता घरगुती नाही. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात सुजेच्या तीन अवस्था दिल्या आहेत: आम, पच्यमान आणि पक्व, म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली. कच्ची सूज कापणारा आणि पिकलेली तशीच ठेवणारा, दोघांनाही तिथे सारखंच झोडपलंय. म्हणजे सुजेला काळ असतो, तिच्या कोणत्या तासाला तुम्ही हात घालता यावर निकाल ठरतो, हे त्या वैद्यांना ठाऊक होतं. मला मात्र तिसऱ्या वर्षी कळलं.

तिकडे रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने सुजेची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. पाचवं लक्षण, त्या भागाचं काम बंद पडणं, आपण पाठ्यपुस्तकात गेलनच्या नावाने पाठ करतो. नेटच्या परीक्षेत विचारलं तर तसंच लिहा बापडे, पण इतिहासकारांना ते गेलनच्या लेखनात त्या रूपात सापडत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या विर्खोच्या वेळेपासून ते जास्त रूढ झालेलं दिसतं. ही चार लक्षणं सुमारे अठराशे वर्षं निव्वळ वर्णन म्हणून राहिली. लाली कशाने येते, पू म्हणजे काय, कुणालाच माहीत नव्हतं. उलट चांगला दाट पू आला की जखम बरी होणार असं कित्येक शतकं युरोपातले शल्यवैद्य मानत होते.

पू म्हणजे काय, याचं उत्तर १८६७ मध्ये युलियस कोनहाइमने दिलं. त्याआधी त्याच्या गुरूचं, म्हणजे विर्खोचं मत असं होतं की पुवातल्या पेशी त्या जागच्याच ऊतीपासून तयार होतात. कोनहाइमने बेडकाच्या आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली ताणून ठेवला आणि तासन् तास बघत बसला. रक्तवाहिनी फुगते, प्रवाह मंदावतो, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात आणि मग चक्क भिंतीतून बाहेर पडतात. अशा पेशी बाहेर पडताना १८४० च्या दशकात अॅडिसन आणि वॉलर यांनीही पाहिल्या होत्या, पण ते काम विसरलं गेलं होतं. कोनहाइमने गुरूच्या मताविरुद्ध जाऊन ते ठामपणे मांडलं. पू म्हणजे रक्तातून आलेल्या पेशी. त्या का येतात, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आता ऑगस्टनकडे.

अलेक्झांडर ऑगस्टन हा स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनचा. जन्म १८४४. त्याच्या उमेदीच्या काळात लिस्टरची कार्बोलिक अॅसिडची पद्धत नुकतीच आली होती. ऑगस्टनने ती स्वतः जाऊन पाहिली आणि तो तिचा कट्टर समर्थक झाला. पण एक गोष्ट त्याला खटकत होती. कार्बोलिकने जखमा पिकायच्या थांबतात हे दिसत होतं, पण ते नेमकं काय मारतं? हवेत असंख्य जंतू असतात, त्यातला कुठला? की पू ही सुजेची आपोआप होणारी परिणती आहे आणि जंतू नंतर येऊन बसतात?

मग त्याच्याकडे पायाला मोठं गळू आणि धावरे झालेला एक तरुण आला. ऑगस्टनने ते फोडलं आणि त्यातला पू घरी नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्याला गोल गोल दाणे दिसले, काही साखळ्यांमध्ये, काही झुबक्यांमध्ये. नंतरच्या आठवणींत त्याने त्या क्षणाचा आनंद लपवलेला नाही. पण पुढे त्याने जे केलं ते आपल्यासारख्यांनी बघण्यासारखं आहे. त्याने लगेच पेपर लिहिला नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनकडून ५० पौंडांचं अनुदान मिळवलं, राहत्या घराच्या मागच्या बाजूला छोटी प्रयोगशाळा उभी केली, आणि एकामागून एक गळवं तपासत सुटला. हातात कॉखची नवी तंत्रं होती, म्हणजे अॅनिलीन रंगांनी जंतू रंगवणं आणि चांगल्या भिंगांचा सूक्ष्मदर्शक. (आमच्याकडे कॉन्फोकलचा स्लॉट मिळायला तीन आठवडे लागतात, हा इथे विषय नाही, पण नोंद असावी.)

त्याचा तुलनागट मला सगळ्यात आवडला. गळवं दोन प्रकारची असतात. एक गरम, लाल, ठणकणारं. दुसरं थंड: पू असतो, पण लाली नाही, उष्णता नाही, महिनोन् महिने नुसतं साचत राहतं. ऑगस्टनने दोन्ही तपासली. गरम गळवांत गोल दाणे सापडले, थंड गळवांत नाही. म्हणजे पू झाला की हे दाणे आपोआप येतात, हा आक्षेप एका फटक्यात लंगडा पडला. पू दोन्हींत होता, दाणे एकाच प्रकारात. थंड गळवं बहुतेक क्षयाची असतात, हे आपल्याला आज माहीत आहे. पण कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला १८८२ मध्ये, आणि ऑगस्टनचं निरीक्षण त्याच्या आधीचं. उत्तर माहीत नसताना त्याने योग्य कंट्रोल निवडला होता.

तिथेही तो थांबला नाही. गरम गळवातला पू गिनीपिगना आणि उंदरांना टोचला, गळू झालं. तोच पू तापवून किंवा कार्बोलिक घालून टोचला, गळू झालं नाही. मग त्याने ते जंतू वाढवायचा प्रयत्न केला. घन माध्यमावर शुद्ध वसाहती मिळवायची कॉखची पद्धत अजून यायची होती, म्हणून ऑगस्टनने कोंबडीची ताजी अंडी घेतली. कवचाला बारीक छिद्र पाडायचं, पू आत सोडायचा, बंद करायचं, उबवायचं. अंड्यात वाढलेले दाणे प्राण्यांना टोचल्यावर पुन्हा गळू. ज्याला आपण कॉखची गृहीतकं म्हणून चार मार्कांसाठी पाठ करतो, त्याचा बराचसा आराखडा एका शल्यवैद्याने घरामागच्या खोलीत अंडी फोडून उभा केला होता.

१८८० च्या एप्रिलमध्ये बर्लिनला जर्मन शल्यवैद्यांच्या परिषदेत त्याने हे मांडलं. जर्मनीत चांगलं स्वागत झालं. घरी मात्र थंडावा. लिस्टरच्या गोटातल्या वॉटसन चेनचं म्हणणं असं की लिस्टरच्या पट्टीखाली व्यवस्थित भरत असलेल्या जखमांतही असे गोल दाणे सापडतात, मग ते रोगाचं कारण कसे? हा आक्षेप मूर्खपणाचा नव्हता हे लक्षात घ्या. आज आपल्याला माहीत आहे की निरोगी त्वचेवर स्टॅफिलोकॉकसच्या निरुपद्रवी जाती कायम नांदतात, आणि खुद्द ऑरियससुद्धा साधारण पाचातल्या एकाच्या नाकात सतत मुक्काम ठोकून असतो, त्याला काहीही न होता. चेनने जे पाहिलं ते खरं होतं. ऑगस्टनने जे पाहिलं तेही खरं होतं. फक्त सूक्ष्मदर्शकाखाली निरुपद्रवी आणि उपद्रवी दाणा सारखाच दिसतो. माझ्या वाचनातला हा सगळ्यात रेंगाळलेला भाग, कारण त्वचेवर जंतू आहे आणि रोग नाही, हे कोडं नाव बदलून अजून आमच्याच लॅबच्या फळ्यावर आहे.

नावाची गोष्ट छोटी आहे. साखळीवाल्यांना बिलरोटने आधीच स्ट्रेप्टोकॉकस म्हटलं होतं. झुबक्यावाल्यांसाठी ऑगस्टनने अॅबर्डीनच्या ग्रीकच्या प्राध्यापकाला, विल्यम गेडिस यांना विचारलं. त्यांनी शब्द सुचवला, स्टॅफिली म्हणजे द्राक्षांचा घड. १८८२ च्या पेपरात ते नाव छापून आलं. १८८४ मध्ये जर्मन शल्यवैद्य रोझेनबाखने शुद्ध वसाहती वाढवल्या. काही सोनेरी पिवळ्या, काही पांढऱ्या. म्हणून ऑरियस आणि अल्बस. चेन आणि ऑगस्टन यांच्या वादाचं निम्मं उत्तर त्या दोन रंगांत होतं.

पण प्राण्यातलं गळू म्हणजे माणसातलं गळू नव्हे, हा आक्षेप उरलाच. तो मिटवला कार्ल गारे या तरुण स्विस शल्यवैद्याने, आणि ज्या पद्धतीने मिटवला तो प्रस्ताव आज कुठल्याही एथिक्स कमिटीने परत फेकला असता. हाडाच्या संसर्गातून मिळवलेल्या ऑरियसचा शुद्ध कल्चर त्याने स्वतःच्या डाव्या हातावर चोळला. कापलं नाही, टोचलं नाही, धडधाकट कातडीवर तेल चोळावं तसा चोळला. चार दिवसांत भली मोठी काळपुळी, भोवती सुटी केसतुडं. बरं व्हायला काही आठवडे गेले आणि १७ व्रण कायमचे राहिले. १८८५ मध्ये त्याने ते छापलं. लगोलग १८८७ मध्ये बोकहार्टनेही स्वतःच्या हातावर तसंच केलं आणि केसांच्या मुळाशी पुळ्या उठवून दाखवल्या. दोघांच्याही हातावर सुरुवात केसांच्या मुळांशीच झाली. 'केसतूड' शब्द कुणी पाडला देव जाणे, पण त्याने निरीक्षण पक्कं केलं होतं.

इथपर्यंत सगळं 'जंतू कुठला' या प्रश्नाचं. 'सूज कशासाठी' हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १८८२ च्या हिवाळ्यात सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकॉव्ह ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळ्या बघत होता. त्याने अळीच्या अंगात गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. अळीला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे रक्तवाहिनी फुटली, गळली वगैरे स्पष्टीकरण चालणार नव्हतं. पेशी आपण होऊन शत्रूकडे जातात, त्याला गिळतात. म्हणजे सूज ही रोगाची खूण नसून शरीराचा प्रतिकार आहे. त्यावेळी हे अनेकांना उलटं वाटलं. कित्येकांचा समज असा होता की पांढऱ्या पेशी जंतूंना अंगभर वाहून नेतात, म्हणून त्या धोकादायक.

आज आपण मेचनिकॉव्हच्या बाजूने आहोत असं म्हणतो, पण वागतो का? माझ्या सिनॉप्सिसचं शीर्षक आहे, 'संसर्गजन्य सुजेचं नियंत्रण'. म्हणजे सूज वाईट आणि मी ती कमी करणार, हे मी शीर्षकातच ठरवून टाकलं होतं. सुजेने नुकसान होतं हे खोटं नाही. न्यूट्रोफिल मरताना जे विकर सांडतात त्याने आपलीच ऊती विरघळते. पू म्हणजे बऱ्याच अंशी त्या लढाईतले मृत शिपाईच. पण किती सूज, कधी, याचा हिशोब मी केलाच नव्हता. तो हिशोब मला १९५७ सालात सापडला.

१९५७ हे या विषयात विलक्षण वर्ष आहे. एकाच नियतकालिकाच्या एकाच खंडात, ब्रिटिश जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल पॅथॉलॉजीच्या अडतिसाव्या खंडात, दोन पेपर आहेत. एक स्टीफन एलेक आणि कोनेन यांचा. त्यांनी लंडनमध्ये स्वयंसेवकांच्या त्वचेत ऑरियस मोजून टोचला. प्रश्न साधा: पुळी उठायला किती जंतू लागतात? उत्तर आलं, काही दशलक्ष. त्याहून कमी टोचले तर निरोगी त्वचा ते पचवून टाकते. मग त्यांनी तेच जंतू रेशमी टाक्याच्या दोऱ्यावरून त्वचेत घातले. आता काहीशे पुरले. दोऱ्याचा एक तुकडा आणि त्वचेची ताकद सुमारे दहा हजार पटींनी खाली. टाके, कॅन्युला, कृत्रिम सांधे यांना ऑरियस का चिकटतो यावर आज बायोफिल्मच्या नावाने हजारो पेपर निघतात. त्या सगळ्यांचा बाप हा दोरा.

दुसरा पेपर माइल्स, माइल्स आणि बर्क यांचा. अॅश्ली माइल्स हे तेव्हा लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटचे संचालक होते. जॉन बर्क हा अमेरिकेतून आलेला तरुण शल्यवैद्य. त्यांनी गिनीपिगच्या त्वचेत जंतू टोचले आणि काही ठिकाणी सोबत अॅड्रिनॅलिन दिलं. अॅड्रिनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात. लाली येत नाही, द्रव झिरपत नाही, पेशी पोचत नाहीत. सूज दाबली की जखम लहान व्हायला हवी, असं माझ्या सिनॉप्सिसच्या तर्काने वाटेल. झालं उलटं. जिथे सुरुवातीची सूज दाबली तिथे नंतरचा व्रण कितीतरी मोठा झाला. आता खरी गंमत. अॅड्रिनॅलिन उशिरा दिलं, जंतू टोचल्यावर तीन-चार तास उलटून गेल्यावर, तर व्रणाच्या आकारात फारसा फरक पडला नाही. म्हणजे सूज संरक्षण करते, पण ती पहिल्या काही तासांतली. त्या अवधीत जंतूंचं जे व्हायचं ते होऊन जातं. नंतर दिसणारं लालभडक गळू म्हणजे बहुतांशी आधीच लागलेल्या निकालाची जाहीर प्रत.

आणि मी काय मोजत होते? चोवीस तासांनंतरचा तुकडा.

पेपर वाचून झाल्यावर मी मेसमध्ये जाऊन गप्प बसले. मैत्रिणीला वाटलं, पेपर रिजेक्ट झाला. तीन वर्षांत मी नक्की किती उंदरांच्या बाबतीत उशिरा पोचले याचा हिशोब मनात चालू होता. तो आकडा इथे लिहीत नाही. सगळं पाण्यात गेलं असं नाही, नुकसान किती झालं हे चोवीस तासांच्या आकड्यांवरून कळतंच. पण 'न्यूट्रोफिल जास्त तिथे व्रण मोठा, म्हणून न्यूट्रोफिल कमी करा' हा जो निष्कर्ष मी मोठ्या आत्मविश्वासाने स्लाइडवर टाकला होता, त्याला काही अर्थ नव्हता. न्यूट्रोफिल जास्त आहेत म्हणून व्रण मोठा, की पहिल्या तीन तासांत ते कमी पडले म्हणून नंतर जास्त आले? माझ्या डेटातून हे सांगताच येत नाही.

बर्कने मात्र त्या अवधीचं सोनं केलं. अमेरिकेत परतल्यावर त्याने विचार केला, शरीराचा प्रतिकार पहिल्या तीन तासांत काम करतो, तर प्रतिजैविकही तेव्हाच हवं. १९६१ मध्ये त्याने गिनीपिगच्या शस्त्रक्रियेच्या जखमांवर दाखवलं की प्रतिजैविक छेद घेण्याआधी दिलेलं असेल तर जखम जवळजवळ निर्जंतुक जखमेसारखी भरते, आणि तीन तासांनी दिलं तर न दिल्यासारखंच. आज ऑपरेशनच्या टेबलावर छेद घेण्याआधी जे इंजेक्शन शिरेतून देतात, त्याच्या वेळेचं मूळ हे. आमच्या लॅबमधल्या कुणालाच हे माहीत नव्हतं, गाईडना सोडून. त्यांना माहीत होतं, पण "मला वाटलं तू वाचलं असशील" असं ते म्हणाले. यावर काय बोलणार.

त्याच १९५७ मध्ये मिनेसोटाच्या डॉक्टरांनी लहान मुलग्यांच्या एका विचित्र आजाराचं वर्णन केलं. पुन्हा पुन्हा पुवाळ संसर्ग, गाठी सुजणं, आणि बालपणीच मृत्यू. प्रतिपिंडं भरपूर, पांढऱ्या पेशीही भरपूर. पुढच्या दशकात उलगडलं की या मुलांचे न्यूट्रोफिल जंतूला गिळतात, पण मारू शकत नाहीत, कारण गिळल्यावर ऑक्सिजनपासून मारक रेणू बनवायची यंत्रणा बिघडलेली असते. आज हा आजार क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणून आपण शिकतो. या मुलांच्या त्वचेत सूज येते, पू होतो, सेल्ससची सगळी लक्षणं हजर असतात, फक्त त्यातून काही साध्य होत नाही. शिपाई येतात, बंदुकीत दारू नाही.

प्रतिजैविकांची कथा तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे पटकन पुढे जाते. फ्लेमिंगच्या १९२८ च्या त्या प्रसिद्ध बशीत वाढत होता तो स्टॅफिलोकॉकसच. ऑक्सफर्डमध्ये शुद्ध केलेलं पेनिसिलिन संसर्गावर उपचार म्हणून ज्याला प्रथम मिळालं, तो ४३ वर्षांचा पोलीस अल्बर्ट अलेक्झांडर. चेहऱ्यावरच्या जखमेतून स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस दोन्ही पसरले होते, एक डोळा गेला होता. १२ फेब्रुवारी १९४१ ला पहिलं इंजेक्शन दिलं आणि एका दिवसात फरक पडला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा टोचलं, तरी साठा पाच दिवसांत संपला. १५ मार्चला तो गेला. गुलाबाचा काटा लागून हे सगळं झालं असं सगळीकडे लिहितात, मीही शिकवणीच्या मुलांना सांगायचे. त्याच्या कुटुंबाचं म्हणणं वेगळं आहे, बॉम्बहल्ल्यात जखम झाली होती. मेचनिकॉव्हचा काटा खरा, हा बहुधा नाही. पुढे १९४० च्या दशकाअखेरीस लंडनमध्ये मेरी बार्बरने दाखवलं की तिच्या रुग्णालयातले निम्म्याहून जास्त ऑरियस पेनिसिलिनला दाद देत नाहीत. १९५९ नंतर मेथिसिलिन आलं आणि १९६१ मध्ये पॅट्रिशिया जेव्हन्सने त्यालाही पुरून उरणारे प्रकार नोंदवले. एमआरएसए हे नाव तिथून सुरू होतं.

एक लक्षण राहिलं: वेदना. केसतूड ज्याला झालंय त्याला विचारा, एवढीशी पुळी आणि रात्रभर झोप नाही. आपण पुस्तकात शिकलो की सुजेतून बाहेर पडणारे रेणू मज्जातंतूंना चेतवतात, म्हणून दुखतं. २०१३ मध्ये आयझॅक चिऊ आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये दाखवलं की उंदरात दुखणं सुजेच्या मागोमाग जात नाही, जिवंत जंतूंच्या संख्येमागोमाग जातं. ऑरियसचे स्वतःचे रेणू, विशेषतः पेशींना भोकं पाडणारं त्याचं विष, वेदनेच्या तंतूंना थेट चेतवतात. त्याहून चकित करणारं म्हणजे ते चेतलेले तंतू उलट प्रतिकारपेशींना आवरतात. तंतू काढून टाकले तर सूज वाढते. म्हणजे ठणका हा नुसता इशारा नाही, जंतूला त्यातून सवलत मिळते की काय, अशी शंका येण्याजोगं हे आहे. सेल्ससने शेजारी शेजारी लिहिलेली दोन लक्षणं एकमेकांच्या विरोधात काम करताना दिसतात. आणि हे शिरतं कधी? पुन्हा, पहिल्या काही तासांत.

समितीला मी सुधारित आराखडा दिलाय. जिवाणू टोचल्यावर अर्धा तास, दीड तास, तीन तास, सहा तास, आणि मग जुने चोवीस. शिवाय एक गट असा, ज्यात ऑगस्टनसारखे तापवून मारलेले जंतू टोचायचे. शीर्षकातला 'नियंत्रण' शब्द काढलाय. गाईड म्हणाले, एवढ्याने थिसिस सहा महिने लांबेल. फेलोशिपची मुदत त्याआधी संपते, तो प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तर सध्या नाही.

पहिला सेट गुरुवारी लावला. संध्याकाळी साडेसहाला टोचायला सुरुवात, तीन तासांचा तुकडा साडेनऊला काढला, तोवर वॉचमन काका दोनदा दार वाजवून गेले. त्वचेवर बाहेरून काहीही दिसत नव्हतं, लालीसुद्धा जेमतेम. छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा केसाच्या मुळाजवळ द्राक्षांचे दोन बारके घड होते, आणि रक्तवाहिनीच्या आतल्या कडेला पेशी चिकटायला लागल्या होत्या. अजून एकही बाहेर पडलेली नव्हती.